विकलेल्या गाडीतील बाकी : वाहनमालकाच्या अपेक्षेचा इतिहास

रायपूरमधील चौबे कॉलोनीची मराठी भाषकांना असलेली ओळख मुख्यतः तेथील महाराष्ट्र मंडळामुळे आहे. परंतु या वसाहतीतील मराठी घरांचे नागपूर-पुण्याशी असलेले नाते केवळ भाषेचे किंवा सोयरिकीचे नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत रायपूर ज्या राज्यात होते त्याची राजधानी नागपूर होती, आणि पुढे हे शहर भोपाळच्या व २००० सालापासून छत्तीसगडच्या स्वतःच्या कारभाराखाली आले, तरी दारासमोर उभी राहणारी स्कूटर किंवा मोटार अनेकदा आकुर्डी, पिंपरी, कुर्ला, चाकण येथील कारखान्यांतूनच येत राहिली. गाडीच्या पाटीवर 'सीजी ०४' ही रायपूरची अक्षरे आली एवढाच काय तो फरक झाला. वाहनाची किंमत चुकती केल्यावर मालकाला नेमके काय मिळाले, काय मिळावयाचे राहिले आणि राहिलेले कोणाकडून मागावयाचे, या प्रश्नांची उत्तरे मात्र या सत्तर वर्षांत तीनदा तरी मुळापासून बदलली आहेत. स्वतःहून रस्ता कापणाऱ्या, म्हणजे स्वयंचालित म्हणविल्या जाणाऱ्या मोटारींच्या संदर्भात आज जो वाद जगभर चालू आहे, तो या बदलांचा अगदी अलीकडचा टप्पा आहे. आणि तो नीट समजून घ्यावयाचा तर संगणकापासून नव्हे, तर नियंत्रित वाटपाच्या काळापासून आरंभ करणे भाग आहे.

१९६० च्या स्कूटर वितरण व विक्री नियंत्रण आदेशाने कोणाला, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या किमतीला वाहन मिळावे हे ठरविण्याचा अधिकार शासनाकडे आला. उत्पादनाला परवान्याची मर्यादा असल्यामुळे मागणी व पुरवठा यांत प्रचंड अंतर पडले, आणि बजाज ऑटोने १९७२ मध्ये बाजारात आणलेल्या चेतक स्कूटरसाठी काही काळ दहा-दहा वर्षे थांबावे लागत असे. नोंदणीची अनामत भरायची, क्रमांक सांभाळून ठेवायचा, परकीय चलनात पैसे भरणारा नातेवाईक असल्यास त्याच्याकरवी रांग ओलांडता येते का ते पाहायचे, आणि काहीच जमले नाही तर ज्याची गाडी आली त्याला 'ऑन' म्हणजे मूळ किमतीवरची वरकड रक्कम देऊन ती घ्यायची, असा तो व्यवहार होता. १९८३ मध्ये मारुतीच्या नोंदणीसाठी दहा हजार रुपये अनामत भरणाऱ्यांची जी गर्दी उसळली, तीही याच जुन्या सवयीतून आली होती.

या काळातील मालकाची अपेक्षा एका अर्थाने फार लहान होती: गाडी मिळावी. सारी प्रतीक्षा खरेदीच्या अलीकडची असे. चावी हाती पडली की उत्पादकाचे देणे, मर्यादित हमी वगळता, फिटले असे दोन्ही बाजू मानत. पुढच्या वर्षीच्या नमुन्यात अधिक चांगला दिवा किंवा अधिक चांगली प्रज्वलनव्यवस्था आली तर ती आपल्या जुन्या गाडीत कंपनीने बसवून द्यावी, असे कोणाच्या मनातही येत नसे. सुधारणा करावीशी वाटलीच तर ती मालक आणि त्याचा मिस्त्री यांच्यातील बाब होती. कारखान्यातून निघालेली वस्तू पूर्ण आहे, तिच्यात पुढे जे काही चढेल ते मालकाच्या हिकमतीचे व खर्चाचे, ही समजूत इतकी खोल रुजली होती की ती समजूत आहे हेही जाणवत नसे.

ग्राहकाला काही मागण्याचा हक्क असतो हा विचार संघटितपणे मांडला गेला तो याच काळात, आणि महाराष्ट्रात. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि देशाचा ग्राहक संरक्षण कायदा येण्यापूर्वी जवळजवळ एक तप या कार्यकर्त्यांनी विक्रेत्याच्या शब्दाला हिशेब असला पाहिजे हे घरोघरी जाऊन सांगितले. १९८६ चा कायदा आला तेव्हा 'सदोष वस्तू', 'सेवेतील उणीव' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' हे तीन शब्दप्रयोग तक्रारदाराच्या हाती आले. वाहन-उद्योगाच्या इतिहासात या चळवळीची नोंद सहसा होत नाही, आणि ती होत नाही ही त्या इतिहासलेखनातील मोठीच उणीव म्हटली पाहिजे. कारण आज सॉफ्टवेअरविषयी जी तक्रार केली जाते ती याच तीन शब्दप्रयोगांच्या आधाराने उभी राहते.

दुसरा टप्पा शासन व न्यायालय यांनी लादलेल्या सुधारणांचा आहे, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी हे होय. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यातून १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' बाहेर पडू लागली आणि पुढे तिचेच नाव 'प्रीमियर पद्मिनी' झाले. हवेच्या प्रदूषणाविषयीच्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर १९९९ मध्ये जुन्या टॅक्सींना ठरावीक मुदतीत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला, तेव्हा पेट्रोलवर किंवा डिझेलवर चालण्यासाठी घडविलेल्या या गाड्यांच्या डिकीत सीएनजीची, म्हणजे दाबाखाली साठविलेल्या नैसर्गिक वायूची, टाकी बसली. टाकीने सामानाची जागा खाल्ली म्हणून प्रवाशांच्या बॅगा टपावरच्या कॅरिअरवर गेल्या. ही यंत्रसामग्रीतील बदलाची, म्हणजे आजच्या भाषेत हार्डवेअर सुधारणेची, एका शहरात एकाच वेळी झालेली फार मोठी मोहीम होती. आणि तिचा भार मुख्यतः गाडीच्या मालकावर पडला, तिच्या उत्पादकावर पडला नाही. गाडी विकली गेली तेव्हा ती कायद्याप्रमाणेच होती, कायदा नंतर बदलला, मग बदलाचा खर्च उत्पादकाने का द्यावा, असा त्यामागील युक्तिवाद होता आणि तो गैर म्हणता येणार नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली, आणि टॅक्सीसाठीची वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली.

याच टॅक्सीच्या मीटरचा इतिहास प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने टाकीहूनही महत्त्वाचा आहे. डाव्या बाजूला बाहेर बसविलेला यांत्रिक मीटर खाली फिरविला की आकडे पडू लागत. त्याला मुंबईत आजही 'मीटर डाऊन करणे' असेच म्हणतात. हा मीटर दातेरी चाकांवर चालत असल्यामुळे भाडे वाढले तरी तो जुनेच आकडे दाखवी, आणि नवे भाडे काढण्यासाठी चालकाजवळ दरपत्रक ठेवलेले असे, ज्यात मीटरवरील आकड्यासमोर प्रत्यक्ष द्यावयाची रक्कम छापलेली असे. म्हणजे यंत्र तसेच ठेवून त्याचा अर्थ तेवढा कागदावर बदलण्याची ती रीत होती. २०१२-१३ च्या सुमारास महाराष्ट्र शासनाने इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे केले आणि ही रीत उलटली: आता भाड्याचा दर मीटरच्या स्मृतीतच साठविला जाऊ लागला, त्यामुळे प्रत्येक भाडेवाढीनंतर मीटर उघडून त्यात नवे दर भरणे, तो पुन्हा मोहोरबंद करणे आणि त्याची चाचणी घेणे ही प्रक्रिया अनिवार्य झाली. तिला 'रीकॅलिब्रेशन' म्हणतात. १ ऑक्टोबर २०२२ रोजी टॅक्सीचे किमान भाडे २५ रुपयांवरून २८ रुपये आणि १ फेब्रुवारी २०२५ रोजी २८ वरून ३१ रुपये झाले, रिक्षाचे अनुक्रमे २१ वरून २३ आणि २३ वरून २६ रुपये झाले, आणि दोन्ही वेळी मुंबई परिसरातील लाखो वाहनांना ठरवून दिलेल्या मुदतीत या प्रक्रियेतून जावे लागले. तोपर्यंत पुन्हा दरपत्रकच कामी आले.

वाहनातील सॉफ्टवेअर अद्ययावत करणे ही गोष्ट परदेशी महागड्या मोटारींबरोबर भारतात आली असे जे मानले जाते ते म्हणूनच बरोबर नाही. ती येथे प्रथम मोठ्या प्रमाणावर आली ती रिक्षा-टॅक्सीच्या मीटरमधून, आणि तिचे नियमही स्पष्ट होते: बदल कोणी करावा, कोणी तपासावा, मोहोर कोणी लावावी आणि मुदत चुकल्यास दंड काय, हे सारे लिहिलेले होते. खर्च मालकाचा आणि बुडालेला धंद्याचा दिवसही मालकाचाच, ही त्यातील कठोर बाजू होती, आणि कष्टकरी चालकाच्या पदरी ती दर भाडेवाढीला यावी हे अन्यायाचेच आहे. मात्र आपल्या मीटरमध्ये कोणती दरसूची आहे हे त्या चालकाला आणि प्रवाशाला निःसंदिग्धपणे ठाऊक असे. कोट्यवधी रुपयांच्या संशोधनातून निघालेल्या मोटारींच्या मालकांना आज एवढी निश्चिती मिळत नाही.

येथे कायद्याची एक चौकट लक्षात घेतली पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाहून वाहनात वेगळा बदल करण्यास मालकाला मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा निर्बंध काटेकोरपणे पाळला जावा असे सांगितले. मिस्त्रीच्या साहाय्याने गाडी हवी तशी घडवून घेण्याचा जुना मार्ग त्यामुळे आक्रसला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात ११०-अ हे कलम घातले आणि पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशाला किंवा रस्त्यावरील इतरांना धोका होईल असा दोष आढळल्यास उत्पादकाला वाहने परत बोलाविण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. अशा वेळी उत्पादकाने पूर्ण किंमत परत करावी, गाडी बदलून द्यावी किंवा दुरुस्त करून द्यावी लागते. मालकाचा हात बांधला गेला तेव्हा उत्पादकावरही जबाबदारी आली, हे न्याय्यच झाले. परंतु हे कलम धोकादायक दोषाविषयी बोलते. जी क्षमता पुढे मिळेल असे सांगून गाडी विकली आणि जी कधी मिळालीच नाही, तिच्याविषयी ते काहीच सांगत नाही.

ही नवी अपेक्षा, म्हणजे विकत घेतल्यानंतर गाडी आपोआप अधिक चांगली होत जाईल ही अपेक्षा, निर्माण करण्याचे श्रेय अमेरिकेतील टेस्ला कंपनीकडे जाते. २०१२ मध्ये आलेल्या तिच्या 'मॉडेल एस' मोटारीचे सॉफ्टवेअर भ्रमणध्वनीप्रमाणे बिनतारी जोडणीवरून बदलता येत असे. ऑक्टोबर २०१४ पासून कंपनीने या गाड्यांत कॅमेरा, रडार आणि जवळचे अडथळे ओळखणारे ध्वनिसंवेदक बसविण्यास आरंभ केला, परंतु त्यांचा उपयोग करणारे सॉफ्टवेअर वर्षभराने, ऑक्टोबर २०१५ मध्ये, पाठविले. ज्यांच्या गाड्यांत ही यंत्रणा आधीपासून बसलेली होती आणि ज्यांनी तिचे पैसे भरले होते, त्यांना आपली जुनीच गाडी पट्ट्यात राहून चालताना दिसली. या अनुभवाने मालकांचा विश्वास बसला, आणि तो विश्वास सकारणच होता. पुढचे सारे त्याच विश्वासावर उभे राहिले.

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी कंपनीने जाहीर केले की यापुढे कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक मोटारीत संपूर्ण स्वयंचालनासाठी लागणारी सर्व यंत्रसामग्री असेल: आठ कॅमेरे, बारा ध्वनिसंवेदक, एक रडार आणि एक शक्तिशाली संगणक. सॉफ्टवेअर तेवढे यावयाचे होते, आणि ते येण्यापूर्वीच त्याची किंमत घेतली जाऊ लागली. २०१७ मध्ये संगणकाची सुधारित आवृत्ती आली. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने स्वतः रचलेली चिप असलेला तिसरा संगणक आणला, आणि ज्यांनी स्वयंचालनाचे पैसे भरले होते त्यांच्या जुन्या गाड्यांत तो विनामूल्य बसवून दिला. म्हणजे २०१६ ची यंत्रसामग्री पुरेशी नव्हती हे कृतीनेच मान्य झाले. २०२३ मध्ये चौथा संगणक आला, पण त्याची रचना व वीजवापर भिन्न असल्यामुळे तो तिसऱ्याच्या जागी सरळ बसविता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी गुंतवणूकदारांसमोर सांगितले की पैसे भरलेल्या मालकांच्या गाड्यांतील तिसरा संगणकही बदलावा लागेल. मधल्या काळात २०२१ पासून काही नमुन्यांतील रडार आणि २०२२ पासून ध्वनिसंवेदक काढूनही टाकले गेले. स्वयंचालनाच्या पर्यायाची किंमत सप्टेंबर २०२२ मध्ये १५,००० डॉलरपर्यंत चढली आणि एप्रिल २०२४ मध्ये ८,००० डॉलरवर उतरली. आणि ज्या नावाने तो पर्याय विकला जात होता त्याला 'देखरेखीखालील' असे विशेषण जोडले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने तेथील खरेदीदारांच्या एका गटाला एकत्रित दावा चालविण्यास अनुमती दिली.

या घटनाक्रमात तंत्रज्ञांच्या अप्रामाणिकपणाचा पुरावा शोधण्याची आवश्यकता नाही. स्वयंचालन हा मानवी यंत्रविद्येतील अत्यंत अवघड प्रश्नांपैकी एक आहे आणि त्यात अंदाज चुकणे स्वाभाविक आहे. स्वयंचालनाच्या पातळ्यांची जी वर्गवारी अमेरिकेतील वाहन-अभियंत्यांच्या संघटनेने जानेवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यानुसार दुसऱ्या पातळीवर गाडी वेग व दिशा दोन्ही सांभाळते, पण लक्ष ठेवण्याची जबाबदारी माणसाची असते. तिसऱ्या पातळीवर ठरावीक परिस्थितीत ती जबाबदारी गाडीकडे जाते. चौथ्या पातळीवर आखून दिलेल्या क्षेत्रात माणसाची गरजच उरत नाही. दुसरी व तिसरी पातळी यांच्यामधले अंतर केवळ कौशल्याचे नसून उत्तरदायित्वाचे आहे. मर्सिडीज-बेंझने डिसेंबर २०२१ मध्ये जर्मनीत ताशी ६० किलोमीटरपर्यंतच्या तिसऱ्या पातळीला मान्यता मिळविली, ती फार अरुंद अटींखाली मिळविली, पण त्या अटींत होणाऱ्या चुकीचा भार स्वतःवर घेतला. वेमो कंपनीच्या चालकविरहित टॅक्सी २०२० पासून अमेरिकेच्या फिनिक्स शहरात सर्वसामान्य प्रवाशांसाठी खुल्या आहेत. त्यांचा मालक कंपनीच असल्यामुळे संगणक जुना झाल्याची झळ प्रवाशाला पोहोचत नाही. चूक आहे ती अनिश्चित संशोधनाचा धोका निश्चित वस्तूच्या भावात घरगुती मालकाला विकण्यात.

भारतात हाच प्रश्न मोटारीच्या आधी दुचाकीवरून आला. ओला इलेक्ट्रिकने १५ ऑगस्ट २०२१ रोजी आपली एस-१ ही विजेवरची स्कूटर सादर केली आणि डिसेंबरपासून ती ग्राहकांना मिळू लागली, पण सादरीकरणात दाखविलेल्या अनेक सुविधा तिच्यात नव्हत्या. ठरावीक वेग आपोआप राखणारी यंत्रणा जून २०२२ च्या आणि चढावर गाडी मागे न घसरू देणारी यंत्रणा डिसेंबर २०२२ च्या सॉफ्टवेअरबरोबर आली. मार्च २०२३ मध्ये पुढील चाकाचा फोर्क विनामूल्य बदलून देण्याची तयारी कंपनीने दाखविली, मात्र ही वाहने परत बोलाविण्याची कारवाई नसून ऐच्छिक सुधारणा आहे असे तिने आवर्जून स्पष्ट केले. कायद्याच्या दृष्टीने हा भेद लहान नाही, कारण परत बोलाविण्याच्या कारवाईत मालकाला हक्क असतो आणि ऐच्छिक सुधारणेत त्याला कंपनीची मर्जी असते.

त्याच सुमारास उघडकीस आलेले अनुदानाचे प्रकरण अधिक बोधप्रद आहे. विजेवरच्या वाहनांना चालना देण्यासाठी १ एप्रिल २०१९ पासून अमलात आलेल्या 'फेम' योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात दुचाकीचे अनुदान मिळण्यासाठी तिची कारखान्यातील किंमत दीड लाख रुपयांच्या आत असणे आवश्यक होते. काही उत्पादकांनी चार्जर आणि सॉफ्टवेअर यांचे पैसे वेगळ्या पावतीवर घेऊन मूळ वाहनाची किंमत या मर्यादेत बसविली, अशा तक्रारी अवजड उद्योग मंत्रालयाकडे गेल्या. वास्तविक चार्जरशिवाय अशी स्कूटर चालत नाही, आणि सॉफ्टवेअरशिवाय ती जाहिरातीतली स्कूटर राहत नाही. मे २०२३ पर्यंत चार प्रमुख कंपन्यांनी ग्राहकांचे पैसे परत करण्याचे मान्य केले. त्यांत ओलाचा वाटा सुमारे १३० कोटी रुपयांचा आणि एथरचा सुमारे १४० कोटी रुपयांचा होता. वाहन कोठे संपते आणि वेगळी विकता येण्याजोगी सोय कोठे सुरू होते, हे ठरविण्याचा अधिकार केवळ पावती फाडणाऱ्याचा नाही, ही गोष्ट या प्रकरणाने भारतात प्रथमच इतक्या मोठ्या रकमेनिशी प्रस्थापित केली. स्वयंचालनाचे पॅकेज वेगळ्या किमतीला विकले जात असताना हा दाखला विसरता कामा नये.

मोटारींच्या बाबतीत ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या महिंद्र एक्सयूव्ही ७०० ने दुसऱ्या पातळीचे चालकसाहाय्य तुलनेने परवडणाऱ्या किमतीत आणले. ही गाडी पुण्याजवळील चाकणच्या कारखान्यात तयार होऊ लागली. 'अ‍ॅडास' या आद्याक्षरी नावाने ओळखल्या जाणाऱ्या या यंत्रणेचे डोळे म्हणजे समोरच्या काचेमागील कॅमेरा आणि पुढील बंपरमधील रडार. काच बदलली तर कॅमेऱ्याची जुळणी पुन्हा करावी लागते, आणि ज्या नमुन्यात हे डोळे बसविलेलेच नाहीत त्याला कोणतेही सॉफ्टवेअर दृष्टी देऊ शकत नाही. पट्ट्यात राहणारी गाडी पट्ट्यांच्या रेषांवर अवलंबून असते, आणि रेषा पुसट झाली की तिचा आधार जातो. छत्तीसगडमध्ये खरिपाच्या दिवसांत गुरे बांधून ठेवण्याची 'रोका-छेका' ही जुनी ग्रामीण प्रथा आहे, आणि मोकाट जनावरांच्या बंदोबस्तासाठी राज्य शासनाने २०२० मध्ये तिचीच मोहीम केली. यावरून पावसाळ्यात कोरड्या डांबरावर येऊन बसणाऱ्या गुरांचा प्रश्न तेथे किती गंभीर आहे हे दिसते. चौबे कॉलोनीतून निघून ग्रेट ईस्टर्न रोडने भिलाईकडे जाणाऱ्या मालकाने परदेशी चित्रफितींवरून बांधलेली अपेक्षा आणि त्याच्या गाडीपुढील प्रत्यक्ष रस्ता यांच्यात हे अंतर आहे, आणि विक्रेत्याने ते विक्रीच्या वेळीच सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे.

टेस्लाने १५ जुलै २०२५ रोजी मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलात आपले पहिले भारतीय दालन उघडले आणि 'मॉडेल वाय' ५९ लाख ८९ हजार रुपयांपासून विक्रीस ठेवली. संपूर्ण स्वयंचालन म्हणविल्या जाणाऱ्या पर्यायासाठी आणखी सहा लाख रुपये सांगितले गेले, आणि त्याबरोबर सध्याच्या सुविधांना चालकाची देखरेख लागते, त्यांनी गाडी स्वयंचालित होत नाही, अशी सूचनाही होती. या वस्तुस्थितीशेजारी दुसरी एक ठेवावी लागते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी जुलै २०१७ मध्ये, आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरातील एका कार्यक्रमात, चालकांच्या रोजगाराचे कारण देऊन चालकविरहित मोटारींना भारतात येऊ देणार नाही असे निःसंदिग्धपणे सांगितले होते. देखरेखीखालील साहाय्य आणि चालकविरहित गाडी या दोन भिन्न गोष्टी आहेत हे खरे. तरीही ज्या अंतिम क्षमतेच्या आशेने मालक सहा लाख रुपये मोजतो, ती यंत्राने साधली तरी धोरणाने अडू शकते. अशा दुहेरी अनिश्चिततेची संपूर्ण किंमत आधीच वसूल करणे समर्थनीय नाही. वाहन सक्षम झाल्यावर आणि कायद्याने परवानगी दिल्यावर पैसे घेण्याची पद्धत अशक्य नव्हती आणि आजही नाही.

तक्रारीचा मार्ग आता पूर्वीपेक्षा जवळ आला आहे. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या ठिकाणीच दाद मागता येते. दिलेला मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे आणि त्याहून अधिक, दोन कोटींपर्यंत, असेल तर राज्य आयोगाकडे. रायपूर राजधानी असल्यामुळे चौबे कॉलोनीतील मालकाला हे दोन्ही आयोग आपल्याच शहरात सापडतात. या कायद्यात उत्पादकाने स्पष्ट हमी दिली असेल आणि वस्तू तिच्याप्रमाणे नसेल, तर हमी देताना आपण निष्काळजी नव्हतो किंवा फसविण्याचा हेतू नव्हता असे सिद्ध करूनही तो उत्पादन-दायित्वातून सुटत नाही, अशी तरतूद आहे. ती वाचताना स्वयंचालनाच्या वचनासाठीच लिहिली आहे असे वाटते. पण त्याच कायद्याने 'हानी'च्या व्याख्येतून निव्वळ आर्थिक नुकसान वगळले असल्यामुळे, अपघात न होता केवळ अपेक्षाभंग झालेल्या मालकाला शेवटी १९८६ पासूनच्या जुन्या आधारांकडे, म्हणजे सदोष वस्तू व अनुचित व्यापारी प्रथा यांच्याकडे, वळावे लागते.

वाहनातील सॉफ्टवेअरची अधिकृत ओळख ठेवण्याचे तंत्र मात्र आता अस्तित्वात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मंचावर जून २०२० मध्ये स्वीकारलेल्या १५६ क्रमांकाच्या नियमनाने सॉफ्टवेअर बदलण्याची व्यवस्था उत्पादकाने कशी राखावी हे ठरविले, आणि मान्यतेशी संबंधित सॉफ्टवेअरला वाचता येण्याजोगा ओळखक्रमांक देण्याची सोय केली. त्याच धर्तीवर भारतात 'एआयएस १९०' हे मानक तयार झाले, आणि अशा मानकांच्या घडणीत १९६६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेचे काम मध्यवर्ती आहे. रिक्षाच्या मीटरला जी मोहोर होती तिचा हा प्रगत अवतार म्हणता येईल, परंतु तो उत्पादक व तपासणी-यंत्रणा यांच्यातील व्यवहारापुरता आहे. मालकाशी झालेल्या करारात त्याला स्थान नाही. नोंदणी प्रमाणपत्रावर उत्पादकाचे नाव, चॅसिस क्रमांक, इंजिन किंवा मोटरचा क्रमांक, इंधन, आसनक्षमता, वजन हे सारे नोंदले जाते, पण गाडीत कोणत्या पिढीचा संगणक आहे आणि कोणती क्षमता पुढे देण्याचे ठरले आहे याचा उल्लेख कोठेही होत नाही.

ही त्रुटी सर्वाधिक जाचेल ती दुसऱ्या मालकाला. टेस्लाच्या बाबतीत स्वयंचालनाचे पैसे सामान्यतः त्या विशिष्ट गाडीशी बांधलेले राहिले, मालकाने नवी गाडी घेतली तर ते तिकडे नेता येत नसत, आणि २०२३ पासून कंपनीने ठरावीक मुदतीपुरत्या दिलेल्या सवलती हे अपवाद होते. भारतात जुनी गाडी विकताना विकणारा व घेणारा परिवहन कार्यालयात नमुना २९ आणि नमुना ३० भरतात. त्यांवर मालकी बदलते आणि कर्जाचा बोजा असेल तर वित्तसंस्थेची संमतीही नोंदली जाते. पहिल्या मालकाने भरलेल्या, पण अद्याप न मिळालेल्या सुधारणेसाठी या दोन्ही नमुन्यांत रकाना नाही, म्हणून ती कोणाच्या नावे जमा धरावयाची याचा निर्णय आज कंपनीच्या संगणकातील ग्राहकखात्यावर सोडलेला आहे.